हॉस्टेलच घे, मनू

ग्लासगो,
१४ जून

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

बडोद्याला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाल्याचं तू फोनवर सांगितलंस तेव्हा मला पुष्कळ बोलायचं होतं. पण तेवढ्यात तुझ्या बाबानं फोन ओढून घेतला आणि निकाल देऊन टाकला: "दांडिया बाजारात आपलं घर असताना हॉस्टेल कशाला?" फोनवर तो मला बोलू देणार नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. रात्रीचे साडेनऊ झालेत आणि खिडकीबाहेर अजून लख्ख उजेड आहे. जूनमध्ये इथं दहापर्यंत सूर्य मावळत नाही, त्यामुळे घाई नाही.

माझं मत आधीच सांगते. हॉस्टेल घे.

वाडा वाईट आहे म्हणून नव्हे. तुझ्या दांडिया बाजारच्या आजीच्या, म्हणजे माझ्या काकूच्या, हातची गरम पोळी सोडून मेसचं खा असं सांगताना माझ्याच पोटात कालवतंय. पण मी एम.एस. युनिव्हर्सिटीची तीन वर्षं त्या वाड्यातून केली आहेत. सकाळी सायकल काढायची, लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, आणि साडेचारला परत घरी. उशीर झाला तर रावपुऱ्याच्या कोपऱ्यावर काका उभे दिसायचे. ओरडायचे नाहीत, नुसते उभे राहायचे.

पहिल्या वर्षी मला गणितात एटीकेटी लागली. मी वर्गातली प्रत्येक ओळ वहीत उतरवून घेत असे, त्यामुळे हे कसं झालं ते मला समजेना. पुढच्या वर्षी कॅन्टीनमध्ये एक मुलगी सहज बोलून गेली. हॉस्टेलच्या मुलींकडे मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा होता, सीनियर मुलींची तपासलेली जर्नल्स होती, आणि जेवण झालं की एकीच्या खोलीत सात-आठ जणी बसून गणितं सोडवायच्या. जिला यायचं ती बाकीच्यांना सांगायची. माझ्यापासून कुणी काही लपवलं नव्हतं. मी साडेचारनंतर तिथं नसायचेच.

आणि वाड्यात अभ्यास? गणपतीत इंटर्नल टेस्टच्या आदल्या संध्याकाळी मी मोदकांच्या पाऱ्या करत बसले होते. कुणी करच म्हणून सांगितलं नव्हतं. काकू दमलेली दिसायची आणि तिच्यासमोर पुस्तक धरून बसायची लाज वाटायची. तू तर माझ्यापेक्षाही भिडस्त आहेस. पाहुणे आले की चहा तूच टाकशील, आणि आपल्या वाड्यात पाहुणे रोज येतात.

माझं खरं पहिलं वर्ष म्हणशील तर ते इथं आल्यावर, तेविसाव्या वर्षी. एम.एस्सी.ला आले, सहा जणांत एक स्वयंपाकघर. पहिले चार दिवस बिस्किटांवर काढले, कारण शेगडी कशी लावायची ते विचारायला तोंड उघडेना. पाचव्या दिवशी धीर करून वरणाला फोडणी दिली आणि धुरानं अलार्म वाजला. अख्खी इमारत पायजम्यात खाली रस्त्यावर, पाऊस चालू, आणि माझ्या हातात पळी. गंमत म्हणजे त्या रात्रीनंतर सगळे मला ओळखायला लागले. आता मी इथल्याच एका लॅबमध्ये काम करते, दर सप्टेंबरला सतरा-अठरा वर्षांची नवी मुलं येतात, आणि कोणतं मूल चार दिवस बिस्किटं खाऊन राहिलंय ते मला तोंडावरून कळतं. हे सगळं तू अठराव्या वर्षी, जळगावहून एका रात्रीच्या गाडीवर असलेल्या गावात शिकून घे. चुकलं तर पंधरा मिनिटांवर काकू आहे.

आता दोन-तीन कामाच्या गोष्टी.

तू महाराष्ट्र बोर्डाची, युनिव्हर्सिटी गुजरातची. त्यामुळे मायग्रेशन सर्टिफिकेट लागेल. जळगाव नाशिक विभागीय मंडळाखाली येतं, तेव्हा तो अर्ज आत्ताच कर, कॉलेज सुरू झाल्यावर धावपळ नको. मूळ कागद कुठंही दिलेस तर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. माझा शाळा सोडल्याचा दाखला एका कार्यालयात असा गेला की मला सहा चकरा माराव्या लागल्या, आणि शेवटी तो त्यांच्याच कपाटावर सापडला. रॅगिंगविरोधी हमीपत्र तुलाही भरायचंय आणि तुझ्या आईबाबांनाही. २००९ पासून यूजीसीचा नियमच आहे. ते नुसतं सही करून देऊ नकोस, वाच. कुणी त्रास दिला तर तक्रार करणं हा चहाडखोरपणा नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं नसलं तरी मी लिहून देते.

खिडकीवरून आठवलं. गुजरातीत 'काले' म्हणजे कालही आणि उद्याही. क्लार्कभाई "काले आवजो" म्हणाले, तर "काल यायला हवं होतं" असं समजून रडत परत येऊ नकोस. ते उद्या बोलावतायत. आणि "वांधो नथी", म्हणजे हरकत नाही, म्हणाले की काम झालंच असंही समजू नकोस. बडोद्यात मराठी पुष्कळ ऐकू येईल, पण आपल्या लोकांच्या मराठीतही गुजराती इतकी मुरलेली आहे की पहिला आठवडा तू हसशील आणि दुसऱ्या आठवड्यापासून तशीच बोलशील. मात्र शिकवणं इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलीस म्हणून मागच्या बाकावर जाऊ नकोस. प्रश्न मोडक्या इंग्रजीत विचार, अडलं तर हिंदीत विचार. मी पहिल्या वर्षी व्याकरण जुळवत बसायचे. वाक्य तयार होईपर्यंत सर पुढच्या धड्यावर गेलेले असत.

प्रॅक्टिकलचं जर्नल त्याच दिवशी लिही. साठवलंस की मार्चमध्ये रात्री जागून प्रयोगाची रीडिंग्ज जुळवून लिहावी लागतात आणि ती तपासणाऱ्याला ओळखू येतात. सगळी पुस्तकं विकत घेऊ नकोस, हंसा मेहता लायब्ररी आहे. हंसाबेन या युनिव्हर्सिटीच्या पहिल्या कुलगुरू, १९४९ पासूनच्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सगळे पुरुष' असं यायचं तिथं 'सगळी माणसं' असं यावं म्हणून भांडलेल्या बाई. त्यांच्या नावाच्या वाचनालयात बसून फक्त रील्स बघितलीस तर मला कळवू नकोस.

पावसाळ्यात विश्वामित्रीच्या पुलावर मगरी बघायला गर्दी होते. गंमत वाटते, पण नदीकाठी उतरायचं नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा मगरी सोसायट्यांमध्ये शिरल्या होत्या. पाण्यातून कुणी चल म्हटलं तरी चालायचं नाही. नवरात्रात फाइन आर्ट्सचा गरबा बघ, पण नऊच्या नऊ रात्री नको.

आणि पहिल्या एखाद्या मोकळ्या रविवारी कमाटी बागेत जा. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबियाला गेलेले बाबासाहेब १९१७ मध्ये करारानुसार नोकरीसाठी बडोद्याला आले, आणि एवढा शिकलेला माणूस जातीमुळे त्या शहरात राहायला खोली शोधत फिरला. एका पारशी धर्मशाळेत राहिले, तिथूनही हाकलले गेले. मग त्या बागेत झाडाखाली बसले. आपला वाडा तेव्हाही दांडिया बाजारात होता, मनू. त्या वेळी आपल्यापैकी कुणी दार उघडलं असतं का, हे मी काकांना एकदा विचारलं. त्यांनी चष्मा पुसला आणि वर्तमानपत्र उघडलं. हॉस्टेलमध्ये तुझ्या खोलीत कोण कुठली येईल ते तुझ्या हातात नसेल. आडनाव विचारून ताटाची जागा ठरवणाऱ्या मुली अजूनही भेटतात, माझ्या वेळी तर भेटल्याच. तू त्यांत बसू नकोस, एवढंच.

सयाजीराव स्वतःही तुझ्याच बाजूचे. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा, १८७५ मध्ये बाराव्या वर्षी बडोद्याला दत्तक आला आणि तिथं शिकायला बसला. तू अठरा पुरी करून, बारावी होऊन चालली आहेस.

आता इथून पुढचं बाबाला वाचून दाखव. तसा तो आधीच तुझ्या मागे उभा राहून वाचत असणार.

दादा, तुला एक आठवण करून देते. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तू वाड्यात फक्त आंघोळीला यायचास. बाकी वेळ मित्राच्या हॉस्टेलच्या खोलीवर. रात्री अकराला मागच्या दाराशी दोनदा खोकायचास आणि कडी मी काढायचे, नववीतली मी, झोपेतून उठून, काकांना चाहूल लागू नये म्हणून अनवाणी. तुझी भौतिकशास्त्राची गणितं त्या खोलीवर सुटली, तू स्वतः सांगायचास. मी कॉलेजला गेले तेव्हा मात्र कडी काढायला कुणी जागं राहिलं नाही, कारण मी अकराला बाहेर असणं हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. तुझ्याही. मी तेव्हा रागावले नव्हते, आता थोडी रागावले आहे.

वहिनी, तुमची काळजी वेगळी आहे हे मला कळतं. ताप आला तर? तर मनू रिक्षा करून वाड्यावर जाईल, काकू तिला मऊ भात भरवेल आणि चार दिवस सोडणार नाही. दर रविवारी ती तिथं जेवायला जाईल असं मी काकूला कबूलही करून टाकलंय. काकू आधी रुसली. मग म्हणाली, "हॉस्टेलात डाळीत गूळ घालतात, तिला चालेल ने?" म्हणजे मानली.

हॉस्टेलची पहिल्या वर्षाची फी आणि डिपॉझिट माझ्याकडून. दादा, यावर वाद नको, पैसे सोमवारी निघतील.

काकांना नमस्कार सांग, तुझ्या आईला आणि बाबालाही.

तुझी,
आत्या

ता. क. बादली आणि आंघोळीचा मग जळगावहून लादून नेऊ नकोस, खंडेराव मार्केटजवळ मिळतात. कुलूप मात्र घरचं चांगलं घे, आणि त्याची दुसरी किल्ली काकूकडे ठेव.