व्हिडिओ गेमचीही समीक्षा छापावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात व्हिडिओ गेमविषयी जे छापून येते, ते बहुतेक वेळा दोनच ठिकाणी येते : गुन्हेवृत्ताच्या पानावर किंवा पालकांना सल्ला देणाऱ्या सदरात. मोबाइलपायी मुलाने घर सोडले, जुगाराच्या ॲपमध्ये कुणाचे शेत गेले, अभ्यास बुडाला, हे सारे छापायलाच हवे. माझी तक्रार वेगळी आहे. ज्या रविवार पुरवणीत नाटक, सिनेमा आणि कादंबरी यांवर भरभरून लिहिले जाते, तिथे या खेळांना एक कलाकृती म्हणून जागा मिळालेली माझ्या पाहण्यात नाही. आणि आमच्याकडची तरुण मुले आज ज्या प्रसंगांनी हेलावून जातात, त्यांतले कितीतरी प्रसंग याच खेळांतले आहेत.

मी ब्रह्मपुरी तालुक्यातील एका खेड्यात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत वाढलेल्या माणसाला नाटक पाहून रडण्याची लाज वाटत नाही. भाऊबीजेनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की वडसा गावच्या नाटक कंपन्यांची नाटके गावोगाव रात्रभर चालतात, आणि पहाटेच्या थंडीत नाटकातला थोरला भाऊ घर सोडून निघाला की बायांच्या बाजूइतकेच पुरुषांच्या बाजूनेही नाक ओढल्याचे आवाज येतात. या रंगभूमीवर आयुष्य वेचलेल्या परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा ती आमच्या सगळ्या मुलखाला मिळाल्यासारखी वाटली. मात्र नाटकात कितीही जीव अडकला तरी मांडवात बसलेल्या माणसाच्या हातून काही घडत नाही. खलनायकाने सुरा उपसला तर तो त्यानेच उपसलेला असतो. गेममध्ये सुरा आपल्या हातात देतात, आणि तिथला गहिवर वेगळा असतो तो यामुळेच, असे मला वाटते.

2018 मध्ये आलेल्या ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ या गेमचे उदाहरण घ्या. काळ 1899 चा, मुलूख अमेरिकेचा. नायक आर्थर मॉर्गन हा दरोडेखोरांच्या टोळीतला माणूस असून, टोळीतलाच एक जण व्याजाने पैसे वाटतो आणि वसुलीला आर्थरला पाठवतो. अशाच एका फेरीत तो थॉमस डाऊन्स नावाच्या आजारी शेतकऱ्याच्या दारी जातो. डाऊन्स खोकतो आहे, पैसे नाहीत म्हणून गयावया करतो आहे, आणि त्याला मारायचे असते ते खेळणाऱ्याने, स्वतःच्या बोटाने बटण दाबून. कथा पुढे न्यायची तर हे काम टाळता येत नाही. त्या झटापटीत डाऊन्सच्या खोकल्याबरोबर रक्त आर्थरच्या तोंडावर उडते. त्यानंतर बराच काळ काहीच होत नाही. मग आर्थरच खोकू लागतो, एके दिवशी शहरातल्या रस्त्यावर कोसळतो, आणि डॉक्टर त्याला क्षय झाल्याचे सांगतात. पुढे डाऊन्सची विधवा आणि मुलगा देशोधडीला लागलेले भेटतात; मुलगा खाणीत राबत असतो. शेवटी शेवटी आर्थरला उरलेल्या काही कर्जदारांकडे जाऊन त्यांचे देणे सोडून देता येते, पण त्या वाटेला जायचे की नाही हे खेळणाऱ्याने ठरवायचे असते.

सावकार, थकलेले कर्ज, खोकणारा शेतकरी आणि मागे उरलेली बाई, हे परदेशात घडते आहे असे समजून विदर्भातला मुलगा पाहूच शकत नाही. माझा पुतण्या नागपूरला शिकतो. हा गेम कॉम्प्युटरवर दीडशे जीबीच्या आसपास जागा घेतो आणि आमच्या नेटवर्कवर तो उतरायला पुढची दिवाळी उजाडेल, म्हणून पुतण्या लॅपटॉपमध्ये तो तिकडूनच भरून आणतो. डाऊन्सच्या प्रसंगी त्याने लॅपटॉप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, “काका, तुम्ही मारा जी.” मी नाही म्हटल्यावर त्यानेच ते काम उरकले, पण त्यानंतर बराच वेळ तो काही बोलला नाही.

याच गेममध्ये घोडाही आहे. त्याला खरारा करावा लागतो, खायला द्यावे लागते, तो बिचकला तर थोपटून शांत करावे लागते, आणि असे करत गेले म्हणजे तो हळूहळू आपला होतो. त्याला नाव ठेवण्याची सोय आहे. पुतण्याने आम्ही मागे विकलेल्या पटाच्या, म्हणजे शर्यतीच्या, बैलाचे नाव ठेवले होते. अखेरच्या पाठलागात त्या घोड्याला गोळी लागते, आणि मागून गोळ्या सुटत असतानाही आर्थर परत वळून त्याच्यापाशी बसतो व त्याचे आभार मानतो. त्या वेळी पोरगा इतका हमसून रडला की आतून वहिनींनी विचारले, “कोन मेला गा?” घोडा मेला हे ऐकून त्या हसल्या. मला मात्र हसू आले नाही, कारण ज्याची इतकी उस्तवार केली तो जीव गेल्यावर माणूस रडतो, हे आमच्या घराला नवीन नाही.

यापेक्षा कितीतरी लहान, पण माझ्या मते रचनेच्या दृष्टीने अधिक थोर असा दुसरा गेम म्हणजे 2013 चा ‘ब्रदर्स : अ टेल ऑफ टू सन्स’. आजारी बापासाठी औषध आणायला दोन भाऊ निघतात. हातातल्या कंट्रोलरची डावी बाजू थोरल्याची आणि उजवी धाकट्याची, त्यामुळे एकच माणूस दोन्ही हातांनी दोघांना चालवतो. त्यांची आई बुडून मेलेली असल्याने धाकटा पाण्याला भितो. प्रत्येक वेळी थोरल्याच्या पाठीवर बसूनच तो पलीकडे जातो. शेवटाकडे थोरला मरतो आणि आपला डावा हात रिकामा होतो. औषध घेऊन घरी परतताना वाटेत पाणी आडवे येते. धाकटा काठावर अडतो, उजवे बटण कितीही दाबले तरी तो पुढे सरत नाही. मग केव्हातरी आपले बोट मेलेल्या भावाच्या बटणावर जाते, आणि धाकटा पाण्यात उतरतो. संवाद नाही, निवेदन नाही. या गेममधील पात्रे तर कुठल्याच खऱ्या भाषेत बोलत नाहीत. गेलेल्या माणसाचे बळ मागे उरलेल्याला पुरते, ही गोष्ट इथे फक्त एका बोटाला सांगितली जाते, आणि नाटकाला किंवा कादंबरीला हे साधनच उपलब्ध नाही. याचे दिग्दर्शक जोसेफ फारेस मुळात चित्रपटवाले आहेत, तरी हा प्रसंग त्यांना चित्रपटात करता आला नसता.

जुन्यांत 1997 च्या ‘फायनल फँटसी 7’ मधील एरिथच्या मृत्यूचा उल्लेख करायलाच हवा. ज्या मुलीला खेळणाऱ्याने तासन् तास जपून तयार केलेले असते, ती तीनपैकी पहिली सीडी संपता संपता मारली जाते आणि पुन्हा येत नाही. तिला जिवंत करण्याची युक्ती सापडल्याच्या वावड्या नंतर कित्येक वर्षे उठत राहिल्या. 2016 च्या ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ मध्ये तर ग्रीन दांपत्याने कर्करोगाने गेलेल्या आपल्या लहानग्या मुलाची खरी हकीकत मांडली आहे. त्यात रात्री दवाखान्याच्या खोलीत मूल रडत असते आणि बाप, म्हणजे आपण, जे जे सुचेल ते करून पाहतो, पण अशा कोणत्याही उपायाने त्याचे रडणे थांबत नाही. खेळ म्हणजे जिंकणे, असे मानणाऱ्या प्रत्येकाने हा भाग एकदा पाहावा.

सगळेच गेम असे असतात, असा माझा दावा नाही. पुष्कळ ठिकाणी मरण केवळ पाणी काढण्यासाठी घातलेले असते. पहिल्या पंधरा मिनिटांत बायको किंवा मुलगी मारायची आणि नायकाला सूडाला मोकळा करायचा, ही युक्ती तर आता शिळी झाली आहे. पण शिळे काय आणि अस्सल काय, हे वाचकांना सांगणे हेच समीक्षकाचे काम नव्हे काय? व्यसनाचा प्रश्नही खराच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आपल्या आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले असून ते 1 जानेवारी 2022 पासून लागू आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांनी खेड्यांत काय केले ते मी पाहिले आहे, आणि ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा केला याचा मला आनंदच झाला. परंतु त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्स (व्हिडिओ गेमच्या स्पर्धा) व पैसे न लावता खेळले जाणारे इतर खेळ त्यांपासून वेगळे काढले आहेत. जो फरक कायद्याला कळतो, तो आपल्या मथळ्यांत का उतरू नये? न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने 2012 मध्येच 14 व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले, आणि आपल्याकडे पुण्यातल्या एका लहान कंपनीने 2020 मध्ये ‘राजी’ हा भावाच्या शोधात निघालेल्या बहिणीचा गेम करून दाखवला. त्याविषयी मला सांगितले तेही पुतण्यानेच, कोणत्याही मराठी वर्तमानपत्राने नव्हे.

तरी माझी विनंती अशी, की रविवार पुरवणीत निदान महिन्यातून एकदा एखाद्या गेमवर समीक्षा छापावी, आणि ती मोबाइल-लॅपटॉपच्या किमती सांगणाऱ्या तंत्रज्ञानाच्या पानावर न ढकलता नाटक-सिनेमाच्या शेजारी छापावी. कथा काय, खेळणाऱ्याच्या हातून काय करवून घेतले जाते, कोणत्या वयाच्या मुलाने तो खेळू नये आणि का, एवढे जरी त्यात आले तरी माझ्यासारख्या पालकांना घरातल्या मुलाशी बोलायला विषय मिळेल. आज आम्ही फक्त “बंद कर” एवढेच बोलतो. लिहिणारे मुंबई-पुण्याचेच असावेत असे नाही. आमच्या तालुक्यातली मुले हे खेळ मन लावून खेळतात आणि त्यांवर तावातावाने वाद घालतात. ‘ब्रदर्स’वरील पहिला लेख पुतण्या लिहून देण्यास तयार आहे. मजकूर पसंत न पडल्यास खुशाल परत करावा; पसंत पडल्यास मात्र त्याचे ऱ्हस्व-दीर्घ तपासून घ्यावे लागतील, तेवढे मी येथूनच करून पाठवीन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर