ताई, रात्री नऊ

ताई,
सप्रेम नमस्कार.

आपण आजवर एकदाही समोरासमोर भेटलेलो नाही. माझ्या फोनमध्ये तुमचा नंबर अजूनही ‘ताई, रात्री नऊ’ याच नावाने सेव्ह आहे. तुमचे आभार मला खासगीतही मानता आले असते. पण आज पुण्यात, लातुरात आणि तालुक्यातालुक्याच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांसाठी बसलेल्या पोरापोरींच्या फोनमध्ये एक तरी असा ग्रुप आहे, जसा आपला ग्रुप तुम्ही बोलायला लागायच्या आधी होता. त्यांनीही हे वाचावं म्हणून उघड पत्र लिहितोय.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि सदाशिव पेठेतली कॉट बेसिसची जागा सोडून मी गावी आलो. अर्धी पुस्तकं तिकडेच राहिली. अहमदपूर तालुक्यातलं आमचं गाव, रेंज फक्त माळवदावर, घराच्या मातीच्या छतावर. अभ्यासिका बंद, मेस बंद, सोबतची पोरं आपापल्या जिल्ह्यात. उरला होता तो फक्त ग्रुप. दोनशे तीस जण. पहाटे पाचपासून पीडीएफ पडायला सुरुवात व्हायची: अख्खे पेपर, अग्रलेखांची कात्रणं, ‘योजना’, ‘लोकराज्य’चे अंक, कुणाच्या तरी क्लासच्या नोट्स. प्रत्येक फाइलखाली पाच-दहा जोडलेले हात आणि ‘धन्यवाद सर’. हात जोडणाऱ्यांत मीही असायचो. मी तर ‘वाचायचंय’ नावाचा फोल्डर केला होता. दिवाळीपर्यंत त्यात अकराशेच्या वर फाइली जमल्या. त्यातल्या किती उघडल्या हे सांगायला आजही लाज वाटते. पाठवणाऱ्याला वाटायचं आपण मदत केली, घेणाऱ्याला वाटायचं आपला अभ्यास झाला, आणि लेख तसाच पडून राहायचा.

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. दिल्लीच्या सीमेवर शेतकरी येऊन बसले होते, त्यामुळे ग्रुपवर हमीभावावरचे लेख धो धो येत होते. त्यातल्या एका लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘हा लेख ज्यांनी पाठवला त्यांना विनंती, यातली कोणती गोष्ट तुम्हाला नवीन कळली आणि कोणती पटली नाही, दोन ओळी लिहाल का? मी रात्री नऊला वाट बघते.’

तोपर्यंत ग्रुपवर कुणी कुणाची वाट बघितलेली नव्हती.

नऊ वाजले. पाठवणारा गप्प. सव्वानऊ झाले. तुम्ही परत लिहिलंत, ‘मी आहे अजून.’ माळवदावर थंडी वाजत होती, पण मला ते वाक्य सोडून खाली जाववेना. मग मीच टाइप केलं, ‘हमीभाव म्हणजे सरकार त्या भावाने माल घ्यायला बांधील असतं, हे मला या लेखातून कळलं.’ लेखात तसं कुठेही नव्हतं. मी लेख वाचलेलाच नव्हता, ताई. शीर्षक वाचलं होतं.

शिरोळच्या पोराने हसण्याची चार चिन्हं टाकली. (आपण सगळे एकमेकांना गावाच्या नावानेच ओळखायचो. तो शिरोळ, मी अहमदपूर.) मागोमाग आणखी तिघं हसले. मी मेसेज डिलीट करायला बोट ठेवलं होतं, तेवढ्यात तुमचं उत्तर आलं. ‘अहमदपूर, चांगलं झालं बोललात. तुमच्याकडे सोयाबीन असेल ना? यंदा कितीला गेलं?’

मला माहीत नव्हतं. शेतकऱ्याचा पोरगा, कृषी अर्थशास्त्राच्या नोट्स पाठ, आणि घरचं सोयाबीन कितीला गेलं ते ठाऊक नाही. खाली गेलो. बाबा झोपायच्या तयारीत होते. ‘पट्टी कशाला लागली रे तुला आत्ता?’ म्हणत त्यांनी देव्हाऱ्यामागच्या पिशवीतून व्यापाऱ्याची पट्टी काढून दिली. पिवळा कागद, कार्बनची निळी अक्षरं. एकवीस क्विंटल, भाव 3,250. खाली हमाली, तोलाई वजा. त्या हंगामाचा हमीभाव होता 3,880. मी विचारलं, मग सरकारी खरेदी केंद्रावर का नाही नेलं? बाबा म्हणाले, ‘ऑक्टोबरात पाऊस केवढा झाला बघितलास ना? ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला. बाराच्या वर घेत नाहीत. वाळवायला ऊन कुठं होतं, आणि थांबायला पैसा कुठं होता?’

त्या पट्टीचा फोटो मी ग्रुपवर टाकला आणि बाबा जे बोलले ते जसंच्या तसं लिहिलं. रात्रीचे दहा वाजले होते. त्यानंतर पाऊण तास ग्रुपवर जे बोलणं झालं, तसं मी पुण्यातल्या दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. मेहकरच्याने त्याच्या काकांची पट्टी टाकली. परभणीची म्हणाली, आमच्या कापसाचंही तसंच. आणि मग तुम्ही शिरोळला धरलंत. त्याला रागावला नाहीत. एवढंच विचारलंत, ‘तुमच्या उसाचं काय? तिथेही असंच चालतं का?’

शिरोळचं हसणं तिथे थांबलं, कारण उसाचं तसं नाहीच. उसाला एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, आहे आणि ती 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाखाली येते. कारखान्याने ऊस नेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्क्यांनी व्याज. हे त्याला तोंडपाठ होतं, घरातलंच होतं. म्हणजे माझं वाक्य सोयाबीनला चुकीचं होतं, पण भावाला कायद्याने बांधणं ही गोष्ट या देशात मुळात नाहीच असंही नव्हतं. तुम्ही आम्हा दोघांना काम दिलंत. ‘उसाला जे मिळालं ते सोयाबीनला का नाही मिळालं? दोघांनी मिळून उद्या नऊला सांगा.’

दुसऱ्या दिवशी शिरोळचा मला फोन आला. पहिलं वाक्य, ‘काल हसलो, चुकलं माझं.’ दीड तास बोललो. ऊस तोडला की थांबवता येत नाही, त्याला घेणारा कारखाना ठरलेला असतो, त्या कारखान्याचं नाव-गाव असतं, म्हणून त्याच्यावर बंधन घालता येतं. सोयाबीन शंभर जण विकतात, शंभर जण घेतात, आणि कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र जो हमीभाव जाहीर करतं तो त्या शंभरांपैकी कुणालाच बांधत नाही. हमीभाव काढताना कोणता खर्च धरायचा हा वाद तर वेगळाच. खिशातून गेलेला पैसा आणि घरच्यांची मजुरी धरायची, की जमिनीचं भाडं आणि घरच्या भांडवलावरचं व्याजही धरायचं? ए-टू अधिक एफ-एल आणि सी-टू ही या दोन हिशेबांची अक्षरं मी चार वर्षं पाठ करत होतो. ती कळली बाबांच्या पट्टीवर आकडेमोड करताना. बाबा शेजारी बसून म्हणत होते, ‘माझी मजुरी कितीची धरतोस ते तर सांग.’

पुढे तुम्ही नियम घालून दिलात, आणि तो साधा होता. अख्खा पेपर टाकायचा नाही, एकच लेख टाकायचा, आणि टाकणाऱ्याने सोबत एक प्रश्न लिहायचा. प्रश्न नसेल तर लेख नको. सुरुवातीला लोक चिडले. साठ-सत्तर जण ग्रुप सोडून गेले. एकाने लिहिलं की आम्ही इथे मटेरियलसाठी आलोय, गप्पांसाठी नाही. तुम्ही त्याच्याशी वाद घातला नाहीत, त्याला दुसऱ्या दोन ग्रुपांची लिंक दिलीत. मला तेव्हा ते कमीपणाचं वाटलं होतं. आज वाटतं, ते फार बरं केलंत.

नियमापेक्षा मोठं काम तुम्ही मागे राहून करत होतात. ते आम्हाला कितीतरी उशिरा कळलं. जो पहिल्यांदा बोलेल त्याला पाच मिनिटांच्या आत तुमचं उत्तर जायचं. बरोबर असो, चूक असो, त्याचं वाक्य हवेत लटकत राहू द्यायचं नाही. जे कधीच बोलत नाहीत त्यांना तुम्ही दुपारी वेगळा मेसेज करायचात, ‘आज रात्रीचा लेख तुमच्या भागातला आहे, तुम्ही सांगितलंत तर आम्हाला कळेल.’ ज्यांना मराठी टायपिंग जमायचं नाही त्यांना म्हणायचात, बोलून पाठवा. दिवसभर जिल्हा परिषदेच्या शाळेचे ऑनलाइन तास, घर, सासूबाईंचं आजारपण, आणि स्वतः दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन परत आलेल्या. हे सगळं कधी करत होतात?

धानोऱ्याची मुलगी तशीच बोलती झाली. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावावर लेख होता. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा आम्हा सगळ्यांना पाठ होती. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा, 2006 चा वनहक्क कायदा, 2009 मध्ये मिळालेला सामूहिक वनहक्क, हेही पाठ. तिने आठ मिनिटांचा आवाज पाठवला, मागे कोंबडं ओरडत होतं. ती म्हणाली, तुम्ही सगळे ग्रामसभा ग्रामसभा म्हणताय, पण ग्रामसभेच्या आधी तिथे अभ्यास गट असतो. तिथे निर्णय घ्यायचा नसतो, फक्त समजून घ्यायचं असतं, बाहेरचा माणूसही बसू शकतो. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही बहुमताने नाही, सर्वांच्या संमतीने. एकाला जरी पटलं नाही तरी पुन्हा बोलायचं. मेंढ्याच्या लोकांसोबत काम केलेले कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांचं नाव मी पहिल्यांदा तिच्या तोंडून ऐकलं. तुम्ही खाली लिहिलंत, ‘आपलाही अभ्यास गटच आहे. इथे कुणाला जिंकायचं नाही.’ त्या दिवसापासून ग्रुपचं नाव ‘अभ्यास गट’ झालं.

14 मार्च 2021 ची राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे गेली तो दिवसही आठवतो. पोरं पुण्यात रस्त्यावर उतरली होती. मी एसटीने पुण्याला पोचलो होतो, उसने पैसे घेऊन. ग्रुपवर राग मावत नव्हता. नऊ वाजता तुमचा मेसेज आला, ‘आज लेख नाही. ज्याला जे बोलायचंय ते बोला, मी आहे.’ तुम्ही एक वाजेपर्यंत जाग्या होतात. कुणालाही धीर धरा म्हणाला नाहीत. वयाची मर्यादा संपत आलेल्या एका दादाला तुम्ही त्या रात्री फोन केलात, हे त्यानेच पुढे सांगितलं. परीक्षा आठवड्याने, 21 तारखेला झाली. मी नापास झालो. तरी दुसऱ्या दिवशी रात्री नऊला मी माळवदावर होतो.

आता राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. निबंधाचे 250 गुण, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी 250 चे. पर्यायाला गोल करायचे दिवस गेले, आता आपलं म्हणणं लिहावं लागतं. क्लासवाले उत्तरलेखनाच्या बॅचा विकतायत. विकू देत, काहींना त्याचा उपयोगही होत असेल. पण ज्याला ‘मला हे पटलं नाही, कारण’ एवढं चार लोकांसमोर कधी म्हणावं लागलेलं नाही, त्याच्या पेनातून ते परीक्षेच्या तीन तासांत अचानक कसं उतरणार? तुम्ही आमच्याकडून ते बहुपर्यायी परीक्षेच्या काळातच करून घेत होतात, कशाचीही सक्ती नसताना.

ताई, मी अधिकारी झालो नाही. तलाठी झालो. शिरोळ राज्यकर निरीक्षक आहे. धानोऱ्याची मुलगी परीक्षा सोडून गावी परतली आणि तिथे काम करते. तिचा आवाज अजून अधूनमधून येतो, कोंबड्यासकट. तुमची बदली झाल्यावर आणि सासूबाई गेल्यावर तुम्ही ग्रुपमधून निघालात. तुमच्यामागे आम्ही वर्षभर नऊची वेळ सांभाळली, मग जो तो कामाला लागला आणि ते थांबलं. तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतोय. वाईट वाटलं असेल तर माफ करा.

पण गेल्या पावसाळ्यापासून मी सज्जाच्या गावात, ग्रामपंचायतीच्या वाचनालयात, दर रविवारी सकाळी एक लेख घेऊन बसतो. चौदा पोरं-पोरी आहेत. आधी आम्हीही त्यांचा ग्रुप काढला आणि आठवड्यात तिथे पीडीएफचा ढीग झाला. मग तुमचा नियम लावला. पहिले तीन रविवार मीच बोललो. चौथ्या रविवारी प्रश्न विचारून गप्प बसलो. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून बसलो होतो. फार अवघड असतं ते, ताई, तुम्ही कसं करत होतात? बऱ्याच वेळाने कोपऱ्यातली एक मुलगी म्हणाली, ‘सर, पीक नुकसानीचा पंचनामा तुम्ही करता ना? मग आमच्या वावरात कुणीच का आलं नाही?’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, चांगलं झालं बोललीस. वावर कुठल्या गटात आहे? आणि वही उघडून लिहून घ्यायला लागलो.

येत्या रविवारी हमीभाव आहे. बाबांची ती पट्टी मी जपून ठेवली आहे, अक्षरं थोडी पुसट झाली आहेत पण 3,250 अजून वाचता येतं. सकाळी दहाला बसतो आम्ही. तुम्हाला जमलं तर फोनवर का होईना, या. मी वाट बघतो.

तुमचा,
अहमदपूर