चि. मुक्तास, गाडीच्या किल्लीबद्दल

पुणे

चि. मुक्ता, अनेक आशीर्वाद.

नव्या गाडीची किल्ली तू दारामागच्या हुकाला अडकवतेस. ती जागा आधी बदल. पर्समधून न काढता दार उघडणारी किल्ली रात्रभर जागी असते. गाडीची हाक तिला एरवी मीटर-दीड मीटरवरच ऐकू येते, म्हणून चोर जोडीने येतात: एक यंत्र घेऊन तुझ्या दाराशी, दुसरा खाली गाडीशी. गाडीची हाक ते वर पोचवतात, किल्ली उत्तर देते आणि किल्ली शेजारीच आहे असं गाडी समजते. काच फुटत नाही, अलार्म वाजत नाही आणि विजेची गाडी निघून गेल्याचं वॉचमनलाही कळत नाही.

सिग्नल अडवणारी, धातूच्या अस्तराची पिशवी घे. किल्ली आत घालून, तोंड नीट बंद करून गाडीचं दार ओढून बघ. उघडलं तर पिशवी कुचकामी. मात्र तेव्हा फोन घरी ठेव. तुझ्या गाडीला फोनही किल्ली म्हणून चालतो, त्यामुळे परीक्षा फसते. घडीवर अस्तर झिजतं, म्हणून दर महिन्याला हे करायचं. स्टीलचा डबा वापरलास तर त्यालाही हीच परीक्षा, कारण सैल झाकणातून सिग्नल निसटतो.

ब्लूटूथवरची फोन-किल्लीही अशीच फसते. २०२२ मध्ये संशोधकांनी टेस्ला मॉडेल ३ वर ते करून दाखवलं होतं. म्हणून माझा खरा भरवसा पिनवर आहे. गाडी हलण्याआधी पिन मागण्याची सोय सेटिंगमध्ये असेल तर आजच चालू कर. मग दार उघडलं तरी गाडी जागची हलणार नाही. जन्मसाल किंवा गाडीचा नंबर नको, आणि स्क्रीन पुसत जा. बोटांचे ठसे आकडे सांगतात. ही सोय नसेल तर लोखंडी स्टीअरिंग लॉक लाव, रोज लाव.

डेक्कनला चितळ्यांकडे दोन मिनिटं उतरतानाही गाडी बंद कर. आवाज नसल्याने ती चालू आहे हे विसरायला होतं, आणि धावती गाडी मध्येच थांबणं धोक्याचं म्हणून चालू गाडी किल्ली दूर गेली तरी बंद पडत नाही, नुसता इशारा देते.

सोहम सोळा वर्षांचा आहे, त्याला पार्किंगमध्येसुद्धा चालवायला देऊ नकोस. १९ मे २०२४ ला कल्याणीनगरला दोन जीव गेले, ती गाडीही विजेचीच होती आणि चालवणारा अल्पवयीन. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ मध्ये अशा वेळी पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद आहे. ॲपमध्ये कोणाकोणाला किल्ली दिली आहेस ती यादीही बघ. काम झालेली नावं काढून टाक.

बेसमेंटमध्ये नेटवर्क नसलं की ॲप शेवटची जागाच दाखवतं, तेव्हा त्यावर विसंबू नकोस. गाडी दिसली नाही तर लगेच ११२ ला फोन, मग एफआयआर, मग विमा कंपनी. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरी येत नाही. आणि दाव्याच्या वेळी दोन्ही किल्ल्या मागतात.

म्हणून रविवारी येताना दुसरी किल्ली घेऊन ये. तिचा सेल काढून, वेगळा गुंडाळून आपल्या कपाटात ठेवू. सेल नसला की ती लांबून उत्तर देऊ शकत नाही.

तुझी,
आई