एल्क, कुंपण आणि आपली पांदण

फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

फोटोतला नारंगी जाकीट घातलेला माणूस मीच. पण बंदूक माझी नाही आणि पलीकडे पडलेला तो एल्कही मी मारलेला नाही. तेव्हा "ताडोबाच्या शेजारी वाढला आणि तिकडे जाऊन शिकारी झाला" ही बातमी गावात पसरवणं थांबव. आईच्या कानावर गेली तर माझी धडगत नाही. मी तिथे हमाल होतो. आमच्या शेजारी एक प्लंबर राहतो. दर हिवाळ्याच्या तोंडावर कामं बंद ठेवून तो वॉल्डनच्या बाजूच्या जंगलात एल्क मारायला जातो. यंदा त्याच्या मेव्हण्याचा गुडघा दुखावला होता, म्हणून ओझं वाहायला मला घेऊन गेला. एल्क म्हणजे आपल्या सांबराहून थोडं थोराड हरीण. नराचं वजन तीनशे किलोपर्यंत भरतं. त्याचे तुकडे पाठीवर बांधून, चार फऱ्या करून, नऊ हजार फुटांवरच्या उतारावरून गाडीपर्यंत आणायचे. माझी कंबर अजून बोलते आहे.

शिकारीमुळेच जनावरं वाचली, या इथल्या दाव्यावरचा तुझा प्रश्न मात्र मला सोडत नाही. "अरे, मारून कसं काय वाचवतात बे?" असं तू विचारलंस, आणि फोनवर मी काहीतरी गुळमुळीत बोललो. आता सविस्तर लिहितो.

आधी त्यांचं पाप सांगतो, म्हणजे मी इथल्या लोकांची वकिली करतोय असं वाटायला नको. एकोणिसाव्या शतकात यांनी बाजारासाठी शिकार केली. गव्यासारखा तो बायसन कोट्यवधींनी होता. कातड्यांच्या धंद्यात १८८०च्या दशकाच्या अखेरीस तो काही शेकड्यांवर आला. कोलोरॅडोत १९१०च्या सुमारास एल्क हजारभरही उरले नव्हते. खाणीवरच्या वसाहतींना मांस पुरवायला गाड्या भरभरून मारले गेले होते. मग जे शहाणपण सुचलं त्यातलं सगळ्यात मोठं मला हे वाटतं की शिकारीचं मांस विकायचंच नाही. आजही आमच्या प्लंबरला एल्कचा एक तुकडा विकता येत नाही. खा, वाट, पण विकू नकोस. आणि मांस जंगलात टाकून नुसती शिंगं घेऊन आलास तर गुन्हा. म्हणून तर मी हमाल झालो! बाहेरून आणून सोडलेले आणि जपलेले ते एल्क आज या एका राज्यात पावणेतीन लाखांच्या आसपास आहेत.

पैशाची गोष्टही इथले शिकारी छाती फुगवून सांगतात. लांब बंदुका आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे. १९३७ सालच्या कायद्याने तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो, शिवाय परवान्याची फी असतेच. स्थानिकाला एल्कचा परवाना साठ-सत्तर डॉलरला पडतो, बाहेरच्या राज्यातल्याला त्याच्या दहापटीहून जास्त. हे खरं आहे, पण त्यांना वाटतं तितकं नाही. आज त्या करातला मोठा वाटा जंगलात कधी न गेलेले, नेमबाजीसाठी किंवा घरात ठेवायला बंदुका घेणारे लोक भरतात. शिवाय ज्याच्या पैशावर खातं चालतं त्याच्याच आवडीचा प्राणी आधी सांभाळला जातो. एल्कला मान, आणि बिळात राहणाऱ्या प्रेअरी डॉगला कोण विचारतो?

मला तिथे खरं काय दिसलं, तर जमीन. त्या आठवड्यात आम्ही जिथे फिरलो ते राउट नावाचं राष्ट्रीय वन. फाटक नाही, तिकीट नाही, जिप्सी नाही, गाइड नाही. प्लंबर, त्याच्या शेजारी तंबू ठोकलेला ट्रकचालक, एक शाळामास्तर, सगळे आपापल्या मर्जीने आत. इथल्या केंद्र सरकारची एकूण जमीन ६४ कोटी एकर आहे. आठ महाराष्ट्र त्यात मावतील. आपल्याकडे बंदूक घेऊन जंगलात कोण शिरायचं? राजे, साहेब, त्यांचे पाहुणे. तुझे आजोबा हाका घालणाऱ्यांत, म्हणजे आरडाओरडा करून जनावर शिकाऱ्याकडे हाकणाऱ्यांत, असायचे, हे तूच मला सांगितलंस. १९७२च्या कायद्याने राजांची शिकार संपली हे फार चांगलं झालं, पण हाका घालणाऱ्याच्या नशिबी जंगलावरचा हक्क तेव्हाही आला नाही. इथल्या प्लंबरला मात्र ठाम वाटतं की ती जमीन त्याची आहे. (ज्यांची ती त्याच्याही आधी होती त्या यूट लोकांना १८८१ साली इथून हाकलून यूटामध्ये नेलं. रात्री शेकोटीपाशी मी हे काढलं तेव्हा जरा शांतता पसरली. मग मास्तर म्हणाला, "खरं आहे.")

आता तुझ्या पांदणीशी, त्या अडवलेल्या शेतरस्त्याशी, जुळणारी गोष्ट ऐक. शेजारच्या वायोमिंग राज्यात रेल्वे टाकताना, १८६२ पासून, सरकारने रेल्वे कंपनीला रुळांच्या दोन्ही बाजूंनी एक सोडून एक चौकोन जमीन दिली. प्रत्येक चौकोन ६४० एकरांचा. बुद्धिबळाच्या पटावर काळी घरं खाजगी आणि पांढरी घरं सरकारी, असा तो नकाशा. पांढऱ्या घरातून दुसऱ्या पांढऱ्या घरात जायचं तर फक्त कोपऱ्यावरून तिरपं जाता येतं. काळ्या घरांच्या मालकांनी म्हणायचं, कोपऱ्यावरून पाय टाकलास तरी तुझा खांदा माझ्या हवेतून गेला! त्यामुळे लाखो एकर जमीन नावाला जनतेची आणि वापराला धनिकाची. आतले एल्कही त्याचेच झाले म्हण.

२०२१ मध्ये मिझुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी एल्क माउंटन नावाच्या डोंगरावर एक डोकं चालवलं. आदल्या वर्षी कोपऱ्यावर दोन खांब आणि मध्ये साखळी बघितली होती, म्हणून यावेळी घरून लोखंडी घोडी शिडी बनवून आणली. एका पांढऱ्या घरात चढले, दुसऱ्या पांढऱ्या घरात उतरले. खाजगी मातीला पाय लावला नाही. मालक औषधांच्या धंद्यात श्रीमंत झालेला, दूर नॉर्थ कॅरोलिनाचा. त्याच्या कुरणाच्या आत सुमारे अकरा हजार एकर सरकारी जमीन कोंडलेली. शिकाऱ्यांवर आधी फौजदारी खटला झाला. गावच्या ज्युरीने त्यांना २०२२ मध्ये निर्दोष सोडलं. मग मालकाने दिवाणी दावा लावला, आणि नुकसान किती दाखवलं असेल? सत्तर लाख डॉलरहून जास्त. कोणी आत येऊ शकतं म्हटल्यावर त्याच्या मालमत्तेची किंमत घसरते, असा हिशोब. म्हणजे जनतेच्या जमिनीला लावलेलं कुलूपही त्याच्या मालमत्तेत धरलेलं होतं! मला त्या एका आकड्यात सगळी गोष्ट दिसली.

गंमत अशी की निकाल लागला तो १८८५च्या कायद्यावर. तेव्हाचे मोठे पशुपालक सरकारी कुरणांना बेकायदा कुंपणं घालत, ती मोडायला केलेला जुना कायदा. यंदा मार्चमध्ये वरच्या कोर्टाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि गेल्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने मालकाचं अपील ऐकायला नकार दिला. आता वायोमिंग, कोलोरॅडो आणि आणखी चार राज्यांत कोपरा ओलांडता येतो. मोंटॅना दुसऱ्या कोर्टाच्या हद्दीत, तिथे अजून गोंधळच.

वाचताना मला तुझ्याच शेताचा धुरा, तो बांध, आठवत होता. पांदण नकाशावर आहे, बैलगाडी जायची हे साऱ्या गावाला माहीत आहे, आणि तरी वरच्या शेतवाल्याने तारा ठोकल्या की तू तहसीलच्या चकरा मारत बसतोस. ई-क्लासची, म्हणजे गुरं चरायची सरकारी जमीन बघता बघता कशी आटली, हेही आपण बघितलंच. फरक एवढाच की त्या चौघांच्या मागे देशभरचे शिकारी उभे राहिले, वर्गणी काढली, वकील दिले. यंदा जूनमध्ये यूटाच्या एका सिनेटरने अशीच वीस-तीस लाख एकर सरकारी जमीन विकायचा प्रस्ताव आणला, तेव्हाही पहिला आरडाओरडा शिकारी आणि मासे धरणाऱ्यांनी केला. त्यातले कित्येक त्याच सिनेटरच्या पक्षाचे मतदार. दोन-अडीच आठवड्यांत त्याला माघार घ्यावी लागली. म्हणून मी म्हणतो, एल्क वाचला तो बंदुकीमुळे नाही, जमिनीवर पाय ठेवणाऱ्यांचा गोतावळा मोठा आहे म्हणून.

आता तू लगेच विचारशील, मग आपल्याकडेही परवाने काढू का? मला नाही पटत. कोलोरॅडोत चौरस किलोमीटरला वीस-बावीस माणसं राहतात, महाराष्ट्रात २०११च्याच जनगणनेत ३६५ होती. रानडुकरांनी तुझा हरभरा उखडला की तुझा जीव कसा जळतो ते मी बघितलंय, त्याचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण हौसेच्या शिकारीला आपल्याकडे दार उघडलं तर आत पहिला कोण शिरेल, हे तुला-मला चांगलं ठाऊक आहे. तो प्लंबर नसेल. मला जास्त आशा गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाकडे बघून वाटते. २००९ मध्ये त्या गावाला १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि बांबू कधी, किती तोडायचा हे ग्रामसभा ठरवू लागली. माझ्या डोळ्यांना तो प्लंबरच्या जमिनीचाच आपला अवतार दिसतो, थोडा जास्त शहाणा.

आणि इथेही सगळे एकमताने नांदतात असं समजू नकोस. २०२० मध्ये मतदान घेऊन लांडगे परत आणायचं ठरलं, तेही निसटत्या बहुमताने. शहरांनी हो म्हटलं, वॉल्डनसारख्या गावांनी नाही. २०२३च्या डिसेंबरात ओरेगॉनहून आणून दहा लांडगे सोडले. आता वासरू मेलं तर पंधरा हजार डॉलरपर्यंत भरपाई मिळते, आणि गुराखी तरीही चिडलेला. पेट्रोल पंपावरच्या म्हाताऱ्याने मला ऐकवलं, "मत देणाऱ्यांच्या अंगणात सोडा की ते." वाघाबद्दल तुझ्या शेजाऱ्याचं वाक्य मला इंग्रजीत ऐकू आलं, एवढंच.

मांस खाल्लंस का, हे तू विचारणारच. खाल्लं. प्लंबरच्या बायकोने दिलेलं घरी आणून सावजी मसाल्यात केलं. हिला वास आवडला नाही, पोरीने दोनदा घेतलं. कुठल्याच काकूला सांगू नकोस.

फेब्रुवारीत येतोय, तेव्हा मेंढा-लेखाला एक चक्कर टाकू. तुझ्या पांदणीची पुढची तारीख कधी आहे ते कळव, आणि मोजणीचा नकाशा मला फोटो काढून पाठव. तारा नेमक्या कुठे येतात ते मला बघायचंय. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश