बातमी माशीची, फोटो मधमाशीचा

संपादक महोदय, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात माशीच्या नव्या प्रजातीची चार ओळींची बातमी आली होती, शास्त्रज्ञांना माशी सापडली, तिला अमुक नाव दिलं, संपलं. आणि वर फोटो चक्क मधमाशीचा. आता मराठीत मधमाशी, गांधीलमाशी सगळ्यांनाच आपण माशी म्हणतो त्यामुळे घोळ होतो हे मान्य, पण मधमाशीला पंख चार असतात आणि खऱ्या माशीला दोनच. मागच्या दोन पंखांच्या जागी माशीला दोन बारीक दांड्या असतात, टोकाला गाठ असलेल्या, उडताना त्या पंखांबरोबर थरथरतात आणि आपण किती वळलो, किती कलंडलो हे तिला त्यावरून कळतं. डास, चिलटं, गोमाशी ही सगळी याच खानदानातली. मधमाशीचं नातं उलट मुंग्यांशी जास्त जवळचं.

पण माझी तक्रार फोटोची नाही, 'सापडली' या शब्दाची आहे. मी बरीच वर्षं एका संग्रहात माश्यांच्या पेट्या सांभाळल्यात (घरचे म्हणायचे, हा दिवसभर माश्या मारतो, आणि ते अक्षरशः खरं होतं) म्हणून सांगतो, माशी जाळीत येते तेव्हा ती नवी आहे हे बहुतेक वेळा कुणालाच माहीत नसतं. ती इतर शेकडो माश्यांबरोबर अल्कोहोलच्या बाटलीत जाते, कधी, कुठे, कुणी पकडली याची चिठ्ठी आत टाकतात आणि बाटली कपाटात. 2012 साली एका अभ्यासात असं हिशेबाने दाखवलं होतं की नवा जीव पहिल्यांदा गोळा झाल्यापासून त्याचं वर्णन छापून येईपर्यंत सरासरी 21 वर्षं जातात. एकवीस! म्हणजे पकडणारा रिटायर होतो तरी माशी बिननावाचीच असते.

मग कधीतरी कुणीतरी ती बाटली उघडतो आणि खरं काम सुरू होतं. माशी सुकवून टाचणीवर लावायची, पण टाचणी पाठीच्या मधोमध नाही टोचायची, जरा उजवीकडे, कारण पाठीवरचे राठ केस मोजायचे असतात, एका बाजूचे टाचणीने गेले तरी दुसऱ्या बाजूचे शाबूत राहायला हवेत. फारच बारीक असेल तर कागदाच्या तिकोनी तुकड्याच्या टोकाला डिंकाच्या ठिपक्याने चिकटवतात. डोक्यावरचा कुठला केस पुढे झुकलाय, कुठला मागे, पंखाच्या दोन शिरांमधलं अंतर किती, पायाच्या कुठल्या पेरावर काटा आहे, सगळं नोंदवायचं. आणि एवढं करूनही कितीतरी गटांत दोन प्रजाती बाहेरून सारख्याच दिसतात, फरक असतो तो नराच्या पोटाच्या टोकाला, जननेंद्रियात. मग ते टोक अलगद कापून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवायचं, आतलं मऊ सगळं विरघळतं आणि कडक सांगाडा तेवढा उरतो, तो ग्लिसरीनच्या थेंबात सुईने फिरवत फिरवत सगळ्या बाजूंनी त्याचं चित्र काढायचं. काम झालं की तो तुकडा पिटुकल्या कुपीत घालून त्याच माशीच्या टाचणीला खाली अडकवायचा, कारण तो हरवला तर पुढे ताडून कशाशी बघणार? माझ्याकडून एकदा ऐन चिकटवायच्या वेळी घोटाळा झाला. लोक म्हणतात कुठेतरी माशी शिंकली, इथे मी शिंकलो आणि माशी गेली, परत सापडलीच नाही.

यानंतर सगळ्यात कंटाळवाणा भाग. आपली माशी खरंच नवी का हे बघायला त्या वंशातल्या, म्हणजे जवळच्या नात्यातल्या प्रजातींच्या गटातल्या, आधीच्या सगळ्या प्रजाती पाहाव्या लागतात. प्राण्यांच्या नावांचा हिशेब 1758 पासून धरतात आणि दोन पंखांच्या माश्यांच्या दीड लाखाहून जास्त प्रजातींना नावं दिलेली आहेत, जुनी वर्णनं लॅटिनमध्ये, जर्मनमध्ये, काही तर दोन ओळींची, 'काळी, पाय पिवळे'. त्यावरून काय डोंबल कळणार? मूळ नमुना, म्हणजे ज्या माशीवरून पहिलं वर्णन लिहिलं ती, ज्या म्युझियममध्ये असेल तिथून मागवा नाहीतर तिथे जाऊन बघा. डीएनए तपासणीने आता मदत होते, एका ठरावीक जीनचा साधारण 650 अक्षरांचा तुकडा वाचतात, त्यावरून नर आणि मादी एकाच जातीचे का ते जुळवता येतं, पण बाकीची तुलना त्याने टळत नाही.

नावाचंच बघा. गायिका बियॉन्सेच्या नावाची ऑस्ट्रेलियातली घोडमाशी, स्कॅप्टिया बियॉन्सेए, तिच्या पोटावरच्या सोनेरी केसांमुळे जगभर गाजली. वर्णन आलं 2011 साली, माशी पकडलेली होती 1981 साली. पुढे तिचा वंशही, म्हणजे नावातला पहिला शब्द, बदलला, आता ती प्लिंथिना आहे, बियॉन्सेए मात्र कायम राहिलं. नियम असे आहेत की 2000 सालापासून नव्या प्रजातीचा एक मुख्य नमुना ठरवून तो कुठल्या संग्रहात आहे हे लिहावंच लागतं, नाहीतर नाव ग्राह्य धरत नाहीत. 2015 साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीचं वर्णन नुसत्या फोटोंवरून केलं, पकडलेली माशी हातात नव्हतीच, तर केवढा वाद झाला. मला विचाराल तर मी वाद घालणाऱ्यांच्या बाजूचा, फोटोतली माशी उलटी करून बघता येत नाही. आणि थायलंडमधली युरिप्लेटिया नानकनिहाली, 2012 साली वर्णन झालेली, अख्खी माशी 0.4 मिलिमीटरची, तिचा फोटो छापलात तर वाचकाला ती छपाईतला डाग वाटेल.

तर पुढच्या वेळी चारच ओळींची जागा असेल तरी चालेल, त्यातली एक ओळ माशी पकडली कधी आणि मुख्य नमुना ठेवलाय कुठे यासाठी द्या, संशोधकांच्या लेखात या दोन्ही गोष्टी हमखास असतात. आणि फोटोतले पंख छापायच्या आधी एकदा मोजा.

आपला एक जुना वाचक