हंगामी फुलांची आरास घराघरांत बारमाही व्हावी

महोदय,

2025 च्या पावसाळी अधिवेशनात प्लॅस्टिकच्या फुलांवर बंदी घालण्याची मागणी विधानसभेत झाली, तेव्हापासून सणासुदीच्या तोंडावर हा विषय पुन्हा पुन्हा चर्चेत येतो. 1 जुलै 2022 पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली, परंतु बंदी घातलेल्या वस्तूंच्या यादीत प्लॅस्टिकच्या फुलांचा समावेश नव्हता. त्यामुळे बाजारपेठांत आजही प्लॅस्टिकची तोरणे आणि माळा उघडपणे टांगलेल्या दिसतात. फूलउत्पादक शेतकऱ्यांची बंदीची मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते. मात्र या चर्चेत सारा भार सरकारवर टाकला जातो आणि घरात फुले आणणारे आपण सारे बाजूलाच राहतो. उद्या बंदी झाली, तरी आपण वर्षातले चार-पाच दिवसच खऱ्या फुलांकडे वळणार असू, तर शेतकऱ्याच्या पदरात फारसे काही पडणार नाही.

झेंडूचेच पाहा. लागवडीपासून साधारण दोन महिन्यांनी फुले तोडणीला येतात, म्हणून दसऱ्याचा मुहूर्त गाठण्यासाठी पुरंदर, जुन्नर आणि साताऱ्याकडचे शेतकरी तेवढे दिवस आधी रोपे लावतात. नेमक्या तोडणीच्या वेळी परतीचा पाऊस कोसळला की माल भिजतो आणि भिजलेल्या फुलाला कोणी विचारत नाही. पाऊस नसला, तर सगळीकडचा माल एकाच वेळी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आणि दादरच्या फूलबाजारात येऊन पडतो. आदल्या दिवशी चढ्या भावाने विकला जाणारा झेंडू दसऱ्याच्या संध्याकाळी पदपथावर ढिगाने टाकून विक्रेत्यांना घरची वाट धरावी लागते, हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. पिकाचा दोष येथे काहीच नाही. मागणी दोन दिवसांत कोंबली गेल्याने हे घडते. हीच मागणी थोडी थोडी वर्षभर राहिली, तर शेतकऱ्याला एका मुहूर्तावर सर्वस्व लावावे लागणार नाही.

आपल्याकडे फुलांची वानवा कोणत्याही ऋतूत नसते. चैत्रात गुढीला चाफ्याची माळ चढते, तेव्हा मोगऱ्याचा बहर सुरू झालेला असतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मोगऱ्याच्या माळांनी सजवलेला चौरंग मांडला, की दुसऱ्या सजावटीची गरज उरत नाही. पावसाळ्यात जाई-जुई येतात, श्रावणापासून प्राजक्ताचा सडा पडू लागतो, भाद्रपदात सोनटक्का, तेरडा आणि केवडा असतो. आश्विनात झेंडू, त्यामागोमाग शेवंती आणि थंडीत कुंद. फाल्गुनाच्या सुमारास वेंगुर्ल्याकडच्या बागांत सुरंगीच्या कळ्या वेचल्या जातात आणि त्यांचे वळेसर, म्हणजे गजरे, केले जातात, ज्यांचा वास फुले सुकल्यावरही टिकतो. गोव्यात आणि तळकोकणात गणपतीच्या वर बांधली जाणारी माटोळी ही तर हंगामी सजावटीची परमावधी म्हणावी लागेल. त्या त्या दिवसांत रानात आणि परसात जे फुलते-फळते, तेच तिथे टांगायचे, हा तिचा दंडक आहे.

ताजी फुले परवडत नाहीत आणि टिकत नाहीत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. हंगामाबाहेरचे किंवा शीतगृहातून आलेले फूल महाग पडते, हे खरे. हंगामातली गुलछडीची काडी किंवा अ‍ॅस्टरची जुडी मात्र सामान्य कुटुंबाला आठवड्यातून एकदा घेता येईल अशीच असते. टिकण्याचा प्रश्न बहुतेक वेळा निगुतीचा असतो. गुलछडीच्या काड्या घरी आणल्यावर खालची टोके धारदार सुरीने तिरकी कापावीत, पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत आणि पाणी रोज बदलावे. या काडीवरची फुले खालून वर उमलत जातात; खालची कोमेजली की ती खुडत राहिल्यास वरच्या कळ्यांना वाव मिळतो आणि काडी चांगले काही दिवस घर दरवळत ठेवते. फुलदाणी पिकलेल्या केळ्यांजवळ किंवा आंब्यांजवळ ठेवू नये, कारण पिकत्या फळांतून बाहेर पडणाऱ्या इथिलीन वायूने फुले लवकर गळतात. देठ नसलेल्या सुट्ट्या फुलांसाठी माळ्यावर पडून असलेले पितळी घंगाळ खाली काढावे. त्यात पाणी घेऊन शेवंती, झेंडू किंवा जास्वंदीची फुले तरंगत ठेवली, तर उंबऱ्याजवळचा कोपरा उजळून निघतो, आणि यासाठी ओंजळभर फुलेदेखील पुरतात.

हौसेला एक मर्यादा मात्र हवी. गौरी-गणपतीच्या दिवसांत फुलणारी कळलावी दिसायला अत्यंत देखणी असली, तरी तिचा कंदच नव्हे, तर सर्वच भाग विषारी असतात. लहान मुले असलेल्या घरात ती हाताला लागेल अशी ठेवू नये. तसेच कास पठारावरची किंवा सह्याद्रीच्या इतर सड्यांवरची, म्हणजे खडकाळ पठारांवरची, रानफुले सजावटीसाठी खुडून आणणे सर्वस्वी अयोग्य आहे. त्या फुलांचे बी तिथेच पडले, तरच पुढच्या पावसाळ्यात तिथे काही उगवेल. परसातले, कुंडीतले किंवा शेतकऱ्याने पिकवलेले फूलच घरात यावे.

या संदर्भात महापालिका आणि नगरपालिकांकडेही दोन मागण्या आहेत. पहाटे गावाकडून पाट्या घेऊन येणाऱ्या, वेण्या आणि पुडे विकणाऱ्या स्त्रियांना प्रत्येक प्रभागात सकाळच्या वेळेपुरती हक्काची जागा द्यावी. आज त्यांना कारवाईच्या धास्तीने पाटी उचलून पळावे लागते आणि ग्राहकालाही घराजवळ ताजे फूल मिळत नाही. दुसरे असे की, विसर्जनाच्या दिवसांत घाटांवर ठेवले जाणारे निर्माल्य कलश वर्षभर ठेवावेत आणि त्यातील फुलांचे खत करून ते सार्वजनिक उद्यानांना द्यावे. नागरिकांनीही निर्माल्य देताना हारांतील दोरा, जरतार आणि प्लॅस्टिकची पिशवी काढून केवळ फुलेच कलशात टाकावीत, म्हणजे खत करणाऱ्या कर्मचाऱ्यांना ते हाताने निवडत बसावे लागणार नाही.

– एक वाचक, पुणे