धाकट्याच्या मोडेमविषयी, बाबांना

सॅन होजे, कॅलिफोर्निया
८ मार्च १९९८

ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुमचं पत्र परवा मिळालं. टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडणारा मोडेम एक्स-टू पद्धतीचा घ्यायचा की के-५६-फ्लेक्स, असं धाकट्याने विचारलंय. त्याला सांगा, दोन्ही नकोत. दिवाळीला येताना मी घेऊन येतो. पण पत्राच्या तळाशी तुम्ही लिहिलंय, "तार तीच, वेग तोच, मग हे दोघं एकमेकांशी बोलत का नाहीत?" त्याचं उत्तर द्यायला आज रविवारी निवांत बसलोय.

ट्रंक कॉलवर आपलाच आवाज परत कानावर येतो तो का, हे तुम्ही मला लहानपणी वहीत आकृती काढून समजावलं होतंत. दोन तारांची लाइन चार तारांच्या सर्किटला मिळते, त्या हायब्रिडपाशी थोडा आवाज उलटा फिरतो. मोडेमचं दुखणं नेमकं तेच. २४०० च्या वेगापर्यंत (म्हणजे सेकंदाला २४०० बिट, शून्य-एकाची चिन्हं) येणाऱ्याला आणि जाणाऱ्याला वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सी वाटून देता येत होत्या. ९६०० ला तेवढी जागा पुरेना. दोघांनी एकाच पट्ट्यात एकाच वेळी बोलायचं, तर आपला प्रतिध्वनी ओळखून वजा करायला हवा. टेलिफोनचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणाऱ्या जीनिव्हाच्या सी.सी.आय.टी.टी. समितीने १९८४ मध्ये व्ही.३२ हे मानक ठरवलं ते असंच. पण ही वजाबाकी तितक्या झपाट्याने करणाऱ्या चिप तेव्हा फार महाग होत्या.

तोवर कंपन्यांनी आपापल्या वाटा शोधल्या, आणि त्या वाटा खरंच सुंदर होत्या. यू.एस. रोबोटिक्सच्या एच.एस.टी.ने प्रतिध्वनीचा प्रश्नच टाळला: एका दिशेला ९६००, उलट दिशेला फक्त ३००. फाइल उतरवताना उलटीकडून पोच तेवढी द्यायची असते, तिला ३०० पुरतात. टेलेबिटचा ट्रेलब्लेझर मला त्याहून आवडतो. (ही कंपनी पॉल बॅरन यांची; माहिती छोट्या तुकड्यांत पाठवायची, ही पॅकेट स्विचिंगची कल्पना मांडणाऱ्यांपैकी ते एक.) त्याने लाइनचे ५१२ पर्यंत बारीक सूर पाडले. प्रत्येक सूर तपासायचा, स्वच्छ असेल त्यावर जास्त बिट, खरखरीत असेल त्यावर कमी, अगदीच वाईट असेल तर सोडून द्यायचा. पावसाळ्यात तुम्ही केबलमधली एकेक जोडी तपासून चांगली निवडत असा, तसंच. खराब लाइनवर त्याला तोड नव्हती. युनिक्सवाल्यांच्या यू.यू.सी.पी. या फाइल पाठवायच्या पद्धतीची पोच तो जागच्या जागी देऊन टाकायचा, म्हणून त्या मंडळींत तो फार चालला. आता टेलिफोनच्याच तारेवर ए.डी.एस.एल. हे वेगवान इंटरनेट येऊ घातलंय, त्यातही हेच सूर आहेत.

पण या दोघांची गाठ पडली की दोघंही २४०० वर. मी ते सोसलंय, बाबा. १९८९ साली उन्हाळाभर काम करून साठवलेले पैसे एका वेगवान मोडेमवर घातले. विद्यापीठातला मोडेमही वेगवान, पण वेगळ्या घराण्याचा. रात्री प्रोग्रॅम पाठवायला बसायचो आणि समोर २४०० चा आकडा. मोडेम नादुरुस्त असता तर दुरुस्त करून घेतला असता. दोन्ही उत्तम चालत होते, म्हणून जास्त राग यायचा.

मायक्रोकॉमने मात्र चूक-दुरुस्तीच्या एम.एन.पी. पद्धतीचे पहिले चार वर्ग सगळ्यांना खुले केले. १९८८ च्या व्ही.४२ मानकात मुख्य पद्धत दुसरी आली, तरी एम.एन.पी.ला शेजारी जागा मिळाली. ज्याने दिलं त्याचं टिकलं, असं मला फार वाटतं. पुढे चिप स्वस्त झाल्या, १९९१ मध्ये व्ही.३२बिस १४,४०० घेऊन आलं, आणि कोणीही कोणालाही फोन लावू लागलं.

म्हणूनच गेल्या वर्षी ५६ हजारांच्या वेगासाठी तोच खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा वाईट वाटलं. एका बाजूला एक्स-टू, दुसऱ्या बाजूला रॉकवेल आणि ल्यूसंटचं के-५६-फ्लेक्स. घरी एक आणि इंटरनेट देणाऱ्याकडे दुसरा असला, तर दोघं ३३.६ हजारांवर उतरतात. गेल्या महिन्यात जीनिव्हात दोन्ही बाजू एका मानकावर आल्या: व्ही.९०. सप्टेंबरात शिक्कामोर्तब व्हायचंय. तुम्ही टेलिफोन खात्याच्या जबलपूरच्या ट्रेनिंगबद्दल सांगायचात ना, साताऱ्याचा फोन टोकियोला लागतो तो १८६५ पासून देश एकत्र बसून नियम ठरवतात म्हणून! मोडेम त्याच तारेवर बोलतो, मग त्याला तो नियम नको कसा?

आता धाकट्याची कामं. इंटरनेट देणाऱ्या विदेश संचार निगमच्या पुणे कचेरीत विचारायचं, त्यांच्याकडचे मोडेम व्ही.९० कधी बोलणार, आणि त्यांची लाइन एक्स्चेंजपर्यंत डिजिटल आहे का. वाटेत अ‍ॅनालॉग-डिजिटल फेरफार एकाहून जास्त झाले तर ५६ हजार मिळणारच नाहीत. मिळाले तरी फक्त येताना, जाताना ३३.६ हजारच.

आणि तुम्हाला एक विनंती: खांबावरून घरात येणाऱ्या ड्रॉप वायरचा तो पिळून केलेला जोड पावसाआधी सोल्डर करून घ्या. स्वतः शिडीवर चढू नका, धाकट्याला चढवा.

ती. सौ. आईस नमस्कार.

तुमचा थोरला